चौदा पाने, तीनशे झाडे

७ ऑगस्ट १९८८, रविवार. पांढुर्णा

ही दैनंदिनी गतवर्षाची आहे. खताच्या एका व्यापाऱ्याने ती भेट दिली होती. प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी युरियाविषयी एक सुविचार आहे. वार जुळत नाहीत, ते मी स्वहस्ते दुरुस्त करीन. एकोणतीस वर्षे परक्यांच्या वह्यांतील दोष शोधून उदरनिर्वाह करणाऱ्या संस्कृत-शिक्षकास सात वारांचे भय कसले?

लेखनास कारण घडले ते असे. आज सकाळच्या बसने माझी धाकटी भगिनी विजयमाला सौंसरहून आली. पिशवीतून ओल्या भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या पत्नीच्या, उषेच्या, पुढ्यात ठेवल्या आणि पाणीही न पिता म्हणाली, "भाऊ, हेमंतची कंपनी तू पाहून ये अन् मले लिहून दे."

हेमंत हा तिचा एकुलता पुत्र. इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. पुण्याची चांगली नोकरी सोडून दोन वर्षे झाली. नागपुरात एका मित्रासह तो संगणकासाठी आज्ञावली रचतो. व्यवसाय वाढवायचा तर भांडवल हवे. बँकेने विचारले, तारण काय? हेमंताचा सगळा माल एका काळ्या पातळ तबकडीत मावतो. तिच्यावर शिक्का कुठे मारावा हे बँकेस उमगले नाही.

उरली सौंसरची बाग. संत्र्याची तीनशे झाडे. तिच्या कैलासवासी पतींनी, यशवंतरावांनी, स्वतःच्या हातांनी लावलेली, आणि ते गेल्यापासून नऊ वर्षे विजयमालेने एकटीने राखलेली. येथील संत्र्यांचे व्यापारी भैय्याजी ती दसऱ्यानंतर घ्यायला तयार आहेत.

"हेमंतानं मागितली का बाग?" मी विचारले.

"तो कायले मांगते? मीच म्हटलं. बापानं लावली थे त्याच्याचसाठी." मग शेंग फोडीत म्हणाली, "तू हो लिहून देल्लं तं इकते. नाही लिहून देल्लं तं विषय संपला."

"तोंडी सांगितलेले चालणार नाही?"

"तोंडचं तू बदलवतोस. लिहिलेलं तुह्याच्यानं खोडवत नाही."

उद्योगक्षेत्रातील माझा पूर्वानुभव येथे प्रामाणिकपणे नोंदवितो. १९७१ साली एका मित्राच्या छापखान्यात काही रक्कम घातली होती. छापखाना बुडाला, मित्र तरला.

विजयमाला गेल्यावर उषा एवढेच म्हणाली, "तुम्ही? कंपनी पाहायला?" तिच्या प्रश्नांत क्रियापदे नसतात. त्यांची आवश्यकताही नसते.

१४ ऑगस्ट, रविवार. नागपूरहून परत

पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. जिना चढताना माझ्या काळ्या टोपीवर इतके पीठ बसले की वर पोचेपर्यंत मी दहा वर्षांनी वृद्ध झालो. दाराशी पादत्राणे काढावी लागली, कारण यंत्रास धूळ वर्ज्य. आत शुभ्र आच्छादनाखाली संगणक. एकंदर व्यवस्था गर्भगृहाची असल्याने माझा अभिप्राय तेथेच अनुकूल होऊ लागला.

विषय असा. रेडिओ, स्टॅबिलायझर इत्यादींच्या पोटात एक हिरवी पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि वीज त्या वाटांनी एका भागाकडून दुसऱ्याकडे जाते. दोन वाटा एकमेकींना छेदल्या की यंत्राची इतिश्री. आजवर कसबी माणसे पारदर्शक कागदावर काळी चिकटपट्टी लावून आठ-आठ दिवस या वाटा आखीत. हेमंताची आज्ञावली ते काम पडद्यावर अर्ध्या दिवसात करते. मी समक्ष पाहिले. एक वाट दुसरीस अडली, थांबली, वळसा घालून गेली. सभ्यतेचा असा नमुना मी आमच्या शिक्षकवृंदातही पाहिला नाही.

"मामाजी, आज्ञावली नका म्हणू, प्रोग्राम म्हणा. सोपं जाते," हेमंत म्हणाला. सोपे जाणे हा माझा मार्ग नव्हे.

मुलाचा विनय थक्क करणारा आहे. चांगले चाललेले सोडून त्याने एक अति गुंतागुंतीची पाटी मुद्दाम उघडली. यंत्र मध्येच स्तब्ध झाले. "हे असं होते कधीकधी. हे पण लिहा." मग खणातून एक तबकडी काढली. "हा अमेरिकेचा प्रोग्राम. आमच्याहून चांगला आहे. किंमत आमच्या दहापट."

"मग भय कसले? तुमचा स्वस्त."

"हा तर इथे कोणी विकतच घेत नाही, मामाजी," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

मी नोंद केली: परदेशी प्रतिस्पर्ध्यास भारतात ग्राहक नाही.

आजवर पाच प्रती विकल्या. पहिली आणि मोठी विक्री नागपूरबाहेरच्या एका स्टॅबिलायझरच्या कारखान्यास. निघताना तो स्टेशनपर्यंत आला. "आईले बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. तुमचं ती ऐकते." हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले, दुसऱ्यांदा गाडी हलल्यावर. तरुण रक्तास निःपक्षपाताची एवढी चाड पाहून मला गहिवरून आले.

२१ ऑगस्ट, रविवार. सौंसर

विजयमालेस विषय समजावून द्यावा म्हणून गेलो. हिरवी पाटी, तांब्याच्या वाटा, छेद, वळसा यांचे विवरण मी सुमारे पाऊण तास केले. ती झाडाच्या आळ्यातली माती पायाने दाबीत ऐकत होती.

"म्हणजे दांड पाडनंच," ती म्हणाली. दांड म्हणजे बागेत पाणी खेळवण्याचा पाट. "हेमंतचे बाबा पावसाळ्याच्या आधी कागदावर दांड काढत. एकाले एक कापला का पानी मरते. हेमंत बाजूले बसून पाहे. आठ वर्षांचा होता."

पाऊण तासाच्या व्याख्यानाचे असे एका ओळीत सार निघालेले मला आवडत नाही.

बागेत आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या मोहराची, फळे अजून हिरवी आहेत, लिंबाएवढी. ती चालता चालता फांद्यांना हात लावीत होती. कशासाठी, ते विचारले नाही. तिलाही बहुधा ठाऊक नसावे.

४ सप्टेंबर, रविवार. तिगाव

शास्त्रावाचून परीक्षण म्हणजे सोवळ्यावाचून पूजा. म्हणून आज तिगावी पुंडलिकरावांचा शोध घेतला. वय पंच्याहत्तर. पंचक्रोशीत कुठलीही बाग विकायची असो, मालक आणि व्यापारी दोघेही यांनाच बोलावतात. हे बागेतून एक फेरी मारतात आणि फळांचा आकडा सांगतात. तो आकडा दोघांनाही मान्य करावा लागतो.

मी म्हणालो, मजकडे अशीच एक बाग आली आहे, केवळ झाडे अदृश्य आहेत. त्यांनी आश्चर्य दाखवले नाही.

"रस्त्याकडची वय पाहू नोको, मास्तर. मालक तिले जास्त पानी देते. मांगच्या बाजूनं शिर. मालकाले न सांगता जाय. अन् झाड मोजू नोको, फय कोनाच्या घरी चाल्लं थे पाय."

हे सर्व टिपून घेतले; 'वय' म्हणजे ओळ, 'फय' म्हणजे फळ. उठता उठता ते विडी पेटवीत म्हणाले, "अन् एक ध्यानात ठेव. आकडा तं मालकालेही समजते, व्यापाऱ्यालेही समजते. मले कायले बलावतेत मंग?"

"निःपक्षपातासाठी."

"नाही रे बाप्पा. दोघायच्या मधात शिव्या खायाले. व्यापारी म्हनते, मी तं जास्त देत होतो गा, पुंडलिक्यानं पाडला भाव. मालक म्हनते, मी तं कमी घेत होतो, पुंडलिक्या नाही म्हने. दोघायचा राम राम टिकते. माह्यं काय जाते?"

वृद्धांस उपसंहार लांबवण्याची सवय असते. हा भाग शास्त्रात बसत नसल्याने वगळतो.

१३ सप्टेंबर, मंगळवार

गोटमार संपली. सावरगाव आणि पांढुर्णा यांनी परंपरेप्रमाणे जाम नदीच्या दोन तीरांवरून परस्परांस दगड मारले. आज माझ्या दहावीच्या वर्गात चार पट्ट्या बांधलेली मस्तके. संधी शिकवला. उपहास अभिप्रेत नव्हता.

१९ सप्टेंबर, सोमवार. नागपूर

किरकोळ रजा टाकून आणि हेमंतास न कळविता स्टॅबिलायझरच्या कारखान्यात गेलो. मागच्या बाजूने शिर, हा पुंडलिकरावांचा आदेश. म्हणून पुढचे फाटक सोडून मागील दाराने गेलो. पहारेकऱ्याने प्रथम मला चोर आणि नंतर विक्रीकर खात्याचा माणूस मानले. दुसरी शंका त्यास अधिक भयावह वाटलेली दिसली.

परंतु परिश्रम सार्थकी लागले. एका खोलीत संगणक, त्यावर हेमंताची आज्ञावली. दुसऱ्या खोलीत संगणक, त्यावरही हेमंताचीच. वरच्या मजल्यावर तिसरा, आणि तोही तीच आखणी करतो आहे! शेठजींनी चहा मागवला. "मास्टरजी, आपका भांजा हीरा है. इसके बिना हमारा पत्ता नहीं हिलता. इंदौर में मेरे साले को भी दे दिया, वो भी बहुत खुश है."

हेमंताने येथे एक प्रत दिली होती. आज ती चार ठिकाणी फळते आहे. एका पोथीच्या प्रती जितक्या अधिक, तितकी ग्रंथाची प्रतिष्ठा अधिक. प्रत करणाऱ्यास पुण्य ते निराळे.

संध्याकाळच्या गाडीपूर्वी गिरणीवरच्या खोलीत जाऊन हे शुभवर्तमान हेमंतास सांगितले.

"तीन मशीनींवर?" तो म्हणाला.

"तीन. चौथे इंदूरला."

तो काही वेळ पडद्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला. धूळ नव्हती. मग म्हणाला, "मामाजी, हे जसंच्या तसं लिहा. एक शब्द गाळू नका. आईले वाचून दाखवा."

यश पचवणे सर्वांस जमत नाही. याला जमेल.

२६ सप्टेंबर, सोमवार

अभिप्राय पूर्ण. फुलस्केपची चौदा पाने. आरंभी गणेशवंदन, मग संस्थापकांचे शील, आज्ञावलीचे गुण, परदेशी प्रतिस्पर्ध्याची ग्राहकहीनता, आणि 'प्रसार' या प्रकरणात कारखान्याचे संपूर्ण वर्णन, पहारेकऱ्यासह. शेवटी निष्कर्ष: "सदर व्यवसायाचे भवितव्य उज्ज्वल असून भांडवल गुंतविणे सर्वथा श्रेयस्कर आहे."

उषेला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या मशीनचे पैसे त्या शेठनं दिले का, ते कोणत्या पानावर आहे?"

मी म्हणालो, तो तपशील आहे आणि हा अभिप्राय आहे.

"बरं," उषा म्हणाली आणि मेथीच्या काड्या वेगळ्या काढल्या.

२ ऑक्टोबर, रविवार. सौंसर

विजयमालेच्या ओसरीवर चौदा पाने वाचली. दीड तास. ती मध्ये एकदाच उठली. मी प्रसाराच्या प्रकरणात होतो, इंदूरचा मेहुणा नुकताच आला होता. तेव्हा ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण तो मला न देता हातातच धरून बसली.

वाचन संपल्यावर विचारले, "म्हणजे हो का, भाऊ?"

"हो."

"नक्की हो? तुले काही वेगळं वाटत असन तं सांग. मी त्याले सांगीन, मामा नाही म्हनते."

"माझे नाव घेण्याचे प्रयोजनच नाही. मी सहर्ष हो म्हणतो आहे."

तिने चौदा पानांची घडी केली, देवघरात नेऊन ठेवली. माझ्या आजवरच्या लेखनास असा सन्मान लाभला नव्हता.

२४ ऑक्टोबर, सोमवार. सौंसर

आज रजिस्ट्री झाली. तीनशे झाडे भैय्याजींच्या नावे. भैय्याजी सज्जन गृहस्थ आहेत. झाडावरची आंबिया बहाराची फळे त्यांनी विजयमालेलाच ठेवली.

कार्यालयाबाहेरच्या दस्तलेखकाने कागदावर "विक्रेती" असे लिहिले ते मी "विक्रेत्री" करून घेतले. विजयमालेने सही केली. लेखणी उचलून पुन्हा पाहिले आणि नावातला एक काना ठळक केला.

बँकेचा ड्राफ्ट तिने तिथेच हेमंताच्या हातात दिला. तो वाकला तो बराच वेळ उठला नाही. मग माझ्या पायांशी वाकला. वर पाहिले तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की मी क्षणभर काही विनोद करावा असे मनात आणले आणि सुचला नाही. असे क्वचित घडते.

१० नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी. हेमंत आला नाही. काम फार आहे असे पत्र. अक्षर विद्यार्थिदशेत बरे होते.

२७ नोव्हेंबर, रविवार. तिगाव

पुंडलिकरावांस यशाचे वृत्त आणि एक धोतरजोडी द्यावी म्हणून गेलो. ते परसात जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपांवर संत्र्याचे डोळे भरीत होते. रोपाच्या सालीत चाकूने चीर पाडायची, संत्र्याच्या झाडावरून काढलेला डोळा आत सरकवायचा, वर पट्टी बांधायची. तो लागला की खाली जंबेरी आणि वर संत्रा.

इतक्यात शेजारच्या गावचा एक मनुष्य आला, राम राम केला, त्यांच्या झाडाच्या काड्या कापून पिशवीत भरल्या आणि निघून गेला. शे-दीडशे डोळे तरी असतील.

"किती घेतले त्याच्याकडून?" मी विचारले.

पुंडलिकराव हसले. "डोयाचे कोनी पैसे घेते का, मास्तर? पूर्वीपासून आहे. डोया मांगाले आला त्याले नाही म्हनू नाही. आता त्याच्या शेतात माह्यं झाड होईन. फय चांगलंच येईन."

"आणि तुम्हाला?"

"मले राम राम."

तेव्हा मी त्यांना हेमंताचा प्रसार वर्णन करून सांगितला. एक प्रत, तीन यंत्रे, इंदूरचा मेहुणा. त्यांनी पट्टीची गाठ मारली, दाताने तोडली.

"अन् तुह्या भाच्याले काय भेटलं?"



धोतरजोडी त्यांच्या खाटेवर ठेवून स्टेशनवर आलो. गाडी यायला दीड तास होता. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिलो. अमेरिकेची आज्ञावली इथे कोणी विकत का घेत नाही, ते तिसऱ्या फेरीत समजले. उषेची मेथी पाचव्या फेरीत आठवली.

चौदा पानांत मी सर्व लिहिले होते. काहीही वगळले नव्हते. केवळ वाचता आले नव्हते.

३० नोव्हेंबर, बुधवार. नागपूर

पुन्हा रजा. हेमंत खोलीत एकटाच होता. मित्र गेल्या महिन्यात मुंबईला नोकरीवर गेला.

मी विचारले, "प्रती किती विकल्या?"

"पाच. तुम्ही आले तेव्हाही पाचच होत्या."

"आणि चालू किती आहेत?"

"मला ठाऊक आहेत त्या साठ."

आईच्या पैशातून एक नवे यंत्र घेतले आणि प्रोग्रामला कुलूप तयार केले, म्हणजे नक्कल चालू नये. कुलूप इंदूरला आठ दिवसांत फुटले. ज्याने फोडले त्याने फोन करून सांगितले, वरून शाबासकीही दिली. मार्चमध्ये जागा सोडणार. बेंगळूरची एक नोकरी आली आहे.

"माल वाईट नाही, मामाजी. साठ जण वापरून राहिले. वाईट असता तर मला सोपं होतं."

"तू मला स्पष्ट का सांगितले नाहीस?"

 खालून गिरणीचा पट्टा वाजत होता.

"आईनं बाबांची बाग पुढं केली. तिले मी कसं म्हणू, नको? ती म्हणाली असती, तुले स्वतःवरच भरोसा नाही. म्हणून मी तुमाले सगळं दाखवलं. अडकलेली पाटी दाखवली, अमेरिकेची फ्लॉपी दाखवली. मला वाटलं, मामाजी नाही लिहितील. मग मी रुसलो असतो थोडे दिवस तुमच्यावर." तो हसला. "त्याची तयारी पण केली होती."

 येताना जिन्यात टोपी काढून हातात धरली होती.

४ डिसेंबर, रविवार. सौंसर

बसमध्ये एक निवेदन मनात रचत गेलो होतो. "दृष्टिदोषामुळे" असा त्याचा आरंभ होता. विजू परसात बसली होती. माझ्याने ते निवेदन झाले नाही.

मी म्हटलं, "विजू, मी चुकलो. मले समजलंच नाही. माह्या कागदानं तुही बाग गेली."

लहानपणी आम्ही असंच बोलत होतो. पस्तीस वर्षांत मी तिच्याशी असं बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "बस."

मी बसलो.

"तुह्या कागदानं नाही गेली. तू थे इंदूरचं वाचलं ना, तवाच मले समजलं. डोये वाटून राहिला पोरगा. मी पानी आनाले उठली होती, आठवते का?"

"मग का विकली?"

"तू हो म्हनून राहिला होतास." ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं तं त्याले जन्मभर वाटलं असतं, मायनं बाग धरून ठेवली, मले नाही देल्ली. माय असं म्हनू शकते का? मामा म्हनू शकते. म्हनून तं तुह्याकडं आली होती मी. दोनदा विचारलं तुले, भाऊ."

दोनदा विचारलं होतं. या वहीत दोन ऑक्टोबरच्या पानावर मीच लिहून ठेवलं आहे.

पुंडलिकरावांचं मी वगळलेलं वाक्यही याच वहीत आहे. तीन माणसं, तिघांनाही आकडा ठाऊक, किंवा दोघांना. आणि मधल्याचं काम एकच होतं, शिव्या खाणं.

बऱ्याच वेळानं ती उठली. गेल्या पावसाळ्याआधी तिनं परसात जंबेरी पेरली होती, बागेतली मेलेली झाडं भरून काढायला. आता ती रोपं पेन्सिलीएवढी झाली आहेत आणि बाग तिची नाही. टोपलीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या.

"कुठून आणल्या?"

"बागेतून. भैय्याजीच्या रखवालदाराले मांगतल्या. डोयाले कोनी नाही म्हनते का?"

तिनं चाकू चालवला, मी पट्टी धरली. चाळीस झाले. माझ्या गाठी तिनं पुन्हा बांधल्या.

८ जानेवारी १९८९, रविवार. सौंसर

ही वही मी ऑगस्टमध्ये सुरू केली होती, म्हणून सुरुवातीची जानेवारीची पानं कोरी राहिली होती. तिथं लिहीत आहे. तळाशी युरिया आहेच.

हेमंत बेंगळूरला गेला. मार्चची वाट पाहिली नाही. जाताना यंत्र विकून पैसे आईजवळ देऊन गेला. तिनं ते घेतले, कारण न घेता त्याला जाता आलं नसतं. पत्र येतं. मला वेगळं येतं. त्यात तो रुसलेला नाही. असता तर बरं झालं असतं.

देवघरातली चौदा पानं मी परत मागितली. विजू म्हणाली, राहू दे, अक्षर चांगलं आहे.

दुपारी आम्ही डोळ्यांच्या पट्ट्या सोडायला बसलो. डोळा काळा पडला तर गेला, हिरवा राहिला तर लागला. चाळीसपैकी एकतीस हिरवे. तिनं ते दोनदा मोजले.

"पावसाळ्यात लावू," ती म्हणाली. "पाचव्या-सहाव्या वर्षी फय धरतीन. तू रिटायर झाला राहशील. परसात एकतीस बसतीन का, भाऊ?"

मी उठलो. रस्त्याकडून नाही, मागच्या भिंतीकडून चालत आलो. पावलं मोजली. विहीर, न्हाणीची जागा, शेजाऱ्याच्या कडुनिंबाची सावली. ती माझ्याकडं पाहत होती. तिला काय ऐकायचं आहे ते मला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणालो. "बारा. बाकीची लोकांना देऊन टाक."



"आत्ता 'नाही' म्हनून राहिला," ती म्हणाली, आणि पुढच्या रोपाची पट्टी सोडायला घेतली.